बारा रात्रींचा हिरा

धाकट्या जावयांकडे एका हॉटेल कंपनीचं सोनेरी कार्ड होतं आणि ते शेवटच्या घटका मोजत होतं. अशा कार्डांना मुदत असते हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, माणूस एकदा मोठा झाला की झाला. पण हॉटेलातलं मोठेपण दर वर्षी नव्याने कमवावं लागतं म्हणे. ठरावीक रात्री त्यांच्या खोल्यांत काढल्या तर तुम्ही मोठे, नाहीतर तुम्ही आपले कोणीही.

जावई लिफ्टचे सुटे भाग विकायचे. गावोगाव फिरायचे, हॉटेलात उतरायचे, त्यातून ते सोनेरी झाले. मग कंपनीने त्यांना कचेरीत बसवलं. ते म्हणतात बढती दिली, लेक म्हणते खुर्ची दिली. काहीही असो, फिरणं संपलं आणि सोन्याचा रंग उडायला लागला.

एवढ्यानेही भागलं असतं. पण थोरल्या जावयांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं आमंत्रण धाडलं. समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात दोन दिवस, सगळ्या कुटुंबाला. ते हॉटेल दुसऱ्याच कंपनीचं, आणि त्या कंपनीत थोरले जावई प्लॅटिनम. आमंत्रणात तसं लिहिलं नव्हतं, पण फोनवर त्यांनी तीनदा सांगितलं. फोन ठेवल्यावर आमचे जावई किती तरी वेळ साखरेच्या डब्याकडे बघत बसले.

आठवड्याने ते लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आले. चेहरा असा की बाळ झाल्याची बातमी द्यायला आलेत.

"आई, स्टेटस मॅच!"

"ते काय असतं?"

"या कंपनीत मी गोल्ड आहे, हे त्या कंपनीला दाखवायचं. मग ती आपल्याकडचं तोलामोलाचं कार्ड देते. आणि त्यांच्याकडे गोल्डच्या तोलाला काय येतं माहीत आहे? डायमंड! प्लॅटिनमच्या वर."

"का देते?"

"मी त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून यावं म्हणून."

"पण तुम्ही तर आता कुठेच जात नाही."

"ते त्यांना कुठे माहीत आहे?"

"म्हणजे या बोटावरची थुंकी त्या बोटावर," मी म्हणाले.

लेकीला हसू आवरेना, तिने तोंड चहाच्या कपात घातलं. जावयांनी मान हलवली. एखादी गोष्ट मला कळली नाही असं त्यांना वाटलं की ते अशीच मान हलवतात. मी एकतीस वर्षं हॉटेलांच्या खोल्या लावल्या आहेत. हॉटेलातलं मला कळत नाही असं त्यांना वाटतं, कारण मी तिथे मागच्या दाराने जायचे.

जुन्या कार्डाचा फोटो आणि शेवटच्या मुक्कामाचा कागद त्यांनी पाठवला. सहा दिवसांनी पत्र आलं. अभिनंदन, आपण डायमंड आहात. जावयांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मग छापून माझ्यापुढे ठेवलं आणि फोनवर कुणाला तरी हीच बातमी द्यायला गेले.

मी अक्षरं शिकले ती चाळिशी उलटल्यावर, त्यामुळे कागद हाती आला की एक ओळही सोडवत नाही. वरचं ठळक वाचलं, मग खालचं बारीक. हा हिरा नव्वद दिवसांचा होता. नव्वद दिवसांत बारा रात्री त्यांच्या हॉटेलात काढून दाखवल्या तर वर्षभर पक्का, नाहीतर परत. रात्र कार्डधारकाने स्वतः काढलेली पाहिजे. आणि ही सवलत आयुष्यात एकदाच.

"इथे स्वतः असं लिहिलंय," मी म्हणाले.

"ते बारीक अक्षर कोणी वाचत नाही, आई."

"मी वाचलं."

"तुम्ही वाचता हो," जावई म्हणाले. जणू मला ती खोड आहे.

त्या कंपनीचं सगळ्यात स्वस्त हॉटेल शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर होतं, टायरच्या गोदामांच्या मागे. घरापासून वीस मिनिटं. जावई तिथे निजायला तयार होते, पण लेकीने एका वाक्यात निकाल लावला. "बारा रात्री तिकडे काढणार असशील तर तेरावीला इकडे येऊ नकोस."

मग त्यांनी ठरवलं की खोली घ्यायची, किल्ली घ्यायची आणि घरी यायचं. पण फोनवर त्यांच्यासारख्याच कार्डवाल्यांचा एक ग्रुप आहे. तिथल्या शहाण्यांनी सांगितलं की पलंगावर कोणी निजलं नाही तर साफसफाईवाल्या बायका तसं लिहून ठेवतात. उद्या कंपनीने ते बघितलं तर रात्री बाद. कोणीतरी निजायला हवं.

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण माझ्याकडे इतक्या बारकाईने त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"आई, तुमच्या पाठीलाही जरा बरं पडेल. गाद्या उत्तम असतात."

"गाद्या मला माहीत आहेत," मी म्हणाले.

लेक मला बाजूला घेऊन म्हणाली, "जा ग आई. नाही मिळालं ते कार्ड तर समुद्रकाठी दोन दिवस याचं तोंड बघवणार नाही."

मी हो म्हणाले. लेकीसाठी म्हणाले असं सांगितलं तर ते अर्धंच खरं. एकतीस वर्षांत मी त्या गाद्यांवर एकदाही पाठ टेकली नव्हती. टेकताना कोणी पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसले असते. मोह म्हणा.

पहिल्या संध्याकाळी जावई काउंटरवर छाती काढून उभे राहिले. मी गाडीत बसून काचेतून बघत होते, आणि आतलं संभाषण त्यांनी नंतर मला दोनदा ऐकवलं. त्यांनी अपग्रेड मागितलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडे सगळ्या खोल्या सारख्याच आहेत."

"तरी डायमंडसाठी काहीतरी असेलच."

मुलीने विचार केला आणि पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. त्या बाटल्या जावयांनी गाडीत मागच्या सीटवर अशा ठेवल्या की जसा काही करंडक जिंकून आणला. घरी नेऊन फ्रिजवर मांडल्या. पुढे दर खेपेला दोन-दोन वाढत गेल्या. प्यायची कुणाची टाप नव्हती.

किल्ली त्यांनी मला गाडीतच दिली. मी बाजूच्या दाराने आत गेले, दुसऱ्या मजल्यावर, २१२ नंबर. पुढेही दर वेळी हीच खोली मिळत गेली. जिन्याशेजारी असल्यामुळे सहसा दुसरं कोणी घेत नसे.

गादी चांगली होती. खोटं कशाला बोलू?

सकाळी पाचला जाग आली. तोंड धुतलं आणि भानावर येईपर्यंत माझे हात पलंगावर चालायला लागले होते. चादर ताणली, पायथ्याचे कोपरे दुमडले, दुलईवर हात फिरवला, उशा थोपटून उभ्या केल्या. बेसिन पुसलं, टॉवेल होता तशी घडी घालून दांडीवर ठेवला. मग मागे सरकून बघितलं. खोलीत कोणी पाऊलही टाकलं नसावं अशी खोली. मला बरं वाटलं. कोणी म्हणायला नको की एक म्हातारी येऊन लोळून गेली. सातला मी बसस्टॉपवर होते.

आठवड्याला एक, कधी दोन, अशा आठ रात्री झाल्या. दर सकाळी मी पलंग लावला. ज्या एका कामासाठी मला पाठवलं होतं, म्हणजे कुणीतरी निजलंय हे दिसायला हवं, तेच मी रोज आपल्या हातांनी पुसून टाकत होते आणि ते माझ्या डोक्यातही येत नव्हतं. जावयांना मी बिनडोक म्हणते, तर हेही लिहून ठेवते.

नवव्या सकाळी गुडघा आखडला म्हणून निघायला नऊ वाजले. पलंग लावून झाला होता. दार उघडणार तेवढ्यात बाहेर आवाज चढले. मी दार बोटभर उघडलं.

सुपरवायझर होता, हातात कागदांचा गठ्ठा. त्याच्यासमोर ट्रॉलीला टेकून एक चाळिशीची बाई, एका गुडघ्याला पट्टा.

"दोनशे बारा. आठ वेळा तू 'पलंग वापरलेला नाही' लिहिलंस. आठ वेळा!"

"नव्हताच वापरलेला. मी काय डोळे घरी ठेवून येते?"

"मग परवा या खोलीत उतरलेल्या गिऱ्हाइकाच्या उशीखाली केस कुठून आला? हातभर लांब पांढरा केस! चादरीला तेलाचा वास येतोय म्हणून त्याने वर तक्रार केलीय."

"मला काय माहीत? माझे अजून काळे आहेत."

"तू चादरीच बदलल्या नाहीस. बदलायचा कंटाळा, म्हणून वापरलेला नाही असं लिहायचं. अकरा वर्षं झाली ना तुला? तेच. जुन्या झालात की अंगात येतं."

"अकरा वर्षांत एक चादर चुकवली असेल तर सांगा."

"ते मॅनेजर सांगतील. जायची तयारी ठेव."

माझा हात आपोआप अंबाड्यावर गेला.

त्या वेळी दार उघडून बाहेर यायला हवं होतं. आले नाही. मी परत फिरले आणि लावलेला पलंग विस्कटला. चादर ओढली, उशी दाबली, टॉवेल ओला करून टाकला. वाटलं, आज तरी ती 'वापरलेला' असं लिहील आणि प्रकरण मिटेल. मग जिना उतरले.

प्रकरण मिटलं नाही, आणखी पेटलं. आठ वेळा न वापरलेला पलंग बोलणी बसल्याबरोबर नवव्या वेळी वापरलेला झाला, म्हणजे बाई इतके दिवस खोटंच लिहीत होती, असा सुपरवायझरने हिशेब केला. हे मला कळलं ते जावयांकडून. त्यांना मॅनेजरचा फोन आला होता आणि ते आनंदाने घरभर फिरत होते.

"आई, वाचलो! त्या बाईच्या कागदांवरून माझ्या रात्री बाद झाल्या असत्या. पण आता मॅनेजरच म्हणतोय की बाई खोटारडी. गुरुवारी जाऊन मी फक्त सही करायची, की पलंग रोज वापरला होता आणि मी स्वतः तिथे निजलो होतो. झालं. नऊ रात्री पक्क्या."

"आणि बाईचं काय?"

"तिला काढतील."

"पलंग मी लावत होते."

ते थांबले. "म्हणजे?"

"रोज सकाळी. मी निजायचे आणि मी लावायचे. तिला वापरलेला दिसणार कसा?"

माणसाचा चेहरा वाचायला अक्षर-ओळख लागत नाही. आधी त्यांना माझा राग आला, मग भीती वाटली, आणि मग हळूहळू सुटल्यासारखं वाटलं, कारण हे आमच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"हे कुणाला बोलू नका," ते म्हणाले. "आई, त्या बायकांना दुसरीकडे लगेच काम मिळतं. तुम्हाला तर माहीतच आहे."

मला माहीत होतं. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाईला कोणतं हॉटेल ठेवतं, तेही माहीत होतं. मी लेकीकडे पाहिलं. ती भांडं घासत होती. एकच भांडं, बराच वेळ.

गुरुवारी जावई सूट घालून निघाले. मी म्हणाले, "मीही येते. माझी चष्म्याची पेटी तिथे राहिलीय."

"मी घेऊन येतो ना."

"तुम्हाला कुठे ठेवलीय ते माहीत नाही. तुम्ही तिथे निजला नव्हतात."

लेकीने दार उघडून धरलं. "जाऊ दे तिला," ती नवऱ्याला म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मॅनेजरची खोली लहान होती. जावयांना खुर्ची, मला खुर्ची, कॉफी. बाई भिंतीशी उभी. मॅनेजर तिशीतला, बोलताना दर वाक्यात जावयांना "डायमंड मेंबर" म्हणत होता आणि जावई दर वेळी खुर्चीत बोटभर वर सरकत होते. टेबलावर छापलेला कागद होता आणि एक पांढरा लिफाफा.

"आमच्या डायमंड मेंबरना त्रास झाला, माफ करा. इथे सही केलीत की आम्ही पुढचं बघतो."

जावयांनी पेन उघडलं.

"त्या लिफाफ्यात काय आहे?" मी विचारलं.

"तो केस आहे, मॅडम. पुराव्यासाठी."

"बघू."

त्याने जरा नाक मुरडून लिफाफा उघडला. हातभर पांढरा केस.

"आता आमच्या जावयांच्या डोक्याकडे बघा," मी म्हणाले.

मॅनेजरने बघितलं. बाईने बघितलं. बघण्यासारखं तिथे फार नव्हतं. कानांवर थोडी झालर, बाकी स्वच्छ आवरलेलं.

"ते तिथे निजले असते तर हा केस कुठून आला असता? माझा आहे तो." मी अंबाडा सोडला. "नऊ रात्री मी निजले. किल्ली हे घ्यायचे, निजायचे मी. आणि सकाळी पलंग मीच लावायचे, म्हणून या ताईंना वापरलेला दिसला नाही. त्यांनी जे बघितलं ते लिहिलं."

"आईंचं वय झालंय," जावई हसत म्हणाले. हसताना त्यांचा ओठ दातांना चिकटला होता. "विसरतात. काहीतरी मनात धरतात."

"मॅडम, पलंग आमच्या पद्धतीने लावलेला होता," मॅनेजर म्हणाला. "पाहुण्यांना तसा लावता येत नाही."

"खोली रिकामी आहे का?"

आम्ही चौघं जिना चढून गेलो. मी २१२ चा पलंग पूर्ण उसकटला. चादर जमिनीवर, दुलई खुर्चीवर, उशा बाजूला. मग लावायला घेतला. गुडघा दुखत होता, पण हातांना त्याचं काही देणंघेणं नसतं. एका बाजूने चादर खोचली, फिरून दुसऱ्या बाजूने, कोपरा उचलून दुमडला, तळहाताने एकदा दाबला. दुलई टाकली, एकदाच झटकली, ती बरोबर बसली. उशा. झालं. मॅनेजरने मध्येच घड्याळात बघितलं होतं, पण आता तो पलंगाकडे बघत होता.

बाई पुढे झाली, वाकली, पायथ्याचा कोपरा उचलून बघितला.

"हा कोपरा आतून उलटा घेतलाय," ती म्हणाली. "असा जुन्या बायका घ्यायच्या. मावशी, कुठे होतात तुम्ही?"

"मागच्या दाराला," मी म्हणाले.

ती हसली नाही. तिने कोपरा सरळ केला. मग मला म्हणाली, "एवढं येतं, तर चादरी काढून ढीग करून ठेवायचं येत नव्हतं? माझी अकरा वर्षं चालली होती."

"चुकलं माझं," मी म्हणाले. तिचं बोलणं बरोबर होतं, त्यावर दुसरं काय म्हणणार?

मॅनेजरने बाईची माफी मागितली नाही. "जा, मजला राहिलाय," एवढंच म्हणाला. ती ट्रॉलीकडे गेली. चाकं वाजत लांब गेली, म्हणजे तिचं काम राहिलं. जावयांना मात्र मॅनेजरने खाली नेऊन एक वेगळा कागद दिला. डायमंड मेंबर हे शब्द त्याने पुन्हा उच्चारले नाहीत. नुसतं "सर" म्हणाला, आणि तेही घाईत.

नऊच्या नऊ रात्री बाद झाल्या. हिरा परत गेला. आयुष्यात एकदाच मिळणारी गोष्ट होती, ती संपली.

परतताना टायरच्या गोदामांपाशी सिग्नल लागला तेव्हा जावई बोलले.

"तीनच राहिल्या होत्या, आई. तीनच."

"त्या तुम्ही निजा," मी म्हणाले. "गादी चांगली आहे."

त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी मीठ मागण्यापुरतं बोलले. लेकीने दुसऱ्याच दिवशी फ्रिजवरच्या सगळ्या बाटल्या उतरवल्या आणि कुंड्यांना पाणी घातलं.

समुद्रकाठचा वाढदिवस व्हायचा तसा झाला. थोरल्या जावयांना प्लॅटिनम म्हणून समुद्र दिसणारी खोली मिळाली. खिडकीतून डोकं बाहेर काढून डावीकडे पाण्याच्या टाकीच्या पलीकडे बघितलं तर समुद्र दिसायचा. त्यांनी सगळ्यांना एकेक करून डोकं काढायला लावलं. आमच्या जावयांनीही काढलं. मग काउंटरवर जाऊन त्यांनी पाकिटातून जुनं सोनेरी कार्ड काढलं. ते दुसऱ्याच कंपनीचं, आणि त्याचीही मुदत गेलेली.

"सर, हे संपलंय," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"पण मी गोल्ड होतो."

"हो सर. होतात."

मला वेगळी खोली दिली होती, मागच्या बाजूला. सकाळी पाचला उठले. हात पलंगाकडे निघाले होते, ते मी अडवले. चादर ओढून काढली, अभ्रे काढले, सगळ्याचा ढीग करून दाराजवळ ठेवला. गादी उघडी पडली. खोली फार वाईट दिसत होती. इथे रात्री कोणीतरी निजलं होतं, हे कोणत्याही बाईला दारातूनच कळलं असतं. मग मी अंबाडा घातला आणि चहा प्यायला खाली गेले.